हरणाचें निमित्त

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कोरेगांव मागें पडल्यावर, रहिमतपूर हें स्थानक लागतें. बहुतेक प्रवासी हें गांव गाडीच्या खिडकींतूनच पाहतात आणि पुढें जातात. परंतु ज्यास जुन्या गोष्टींची आवड आहे त्यानें एकदां उतरून गांवांत जावें. तेथें आदिलशाही काळांतील एक मशीद व घुमट आहे. आणि त्यांच्याजवळच, हत्तीकडून मोट ओढवून पाणी वर चढविण्यासाठीं बांधलेला एक उंच मनोरा आहे. घुमटाखालीं विजापूरचा नामांकित सरदार रणदुल्लाखान याची कबर आहे असें मानितात. तो मनोरा पाहतांना आमच्या मनांत नेहमीं एकच विचार येतो. पाणी चढे तें हत्तीच्या बळानें, हें खरें. पण चढलेलें पाणी कोणत्या मळ्यास सोडावयाचें हें हत्ती ठरवीत नसे, पाटकरी ठरवीत असे.

रणदुल्लाखान मराठी वाचकांस ठाऊक असतो तो शहाजीराजांच्या संबंधानें. सन १६३६ मध्यें माहुलीच्या किल्ल्यांत राजे कोंडले गेले, तेव्हां वेढा घालणाऱ्यांत विजापूरच्या बाजूनें हाच सरदार होता. आणि राजे आदिलशाहींत गेल्यावर कर्नाटकच्या मोहिमेंत हाच त्यांचा वरिष्ठ व पाठीराखा झाला. कालच्या शत्रूनें आज आश्रयदाता व्हावें, ही त्या काळच्या चाकरीची नित्याची रीत होती. विजापूरच्या दरबारांत तट फार. सन १६३५ मध्यें खवासखान वजीर आणि त्याचा उजवा हात मुरार जगदेव हे दोघेही या तटबाजींत प्राणांस मुकले होते. अशा दरबारांत परक्या मनसबदारानें टिकावयाचें म्हणजे कोणा तरी बड्याचें छत्र डोक्यावर पाहिजे. रणदुल्लाखान होता तोंपर्यंत शहाजीराजांवर तें छत्र होतें. तो वारल्यावर कांहीं वर्षांतच, सन १६४८ मध्यें, जिंजीच्या छावणींत मुस्तफाखानानें त्यांस कैद केलें. शिवाजीमहाराजांच्या उद्योगांचें निमित्त त्यास होतें हें आम्ही विसरत नाहीं. तथापि खान हयात असता तर राजांच्या पायांत बेडी पडण्यापूर्वीं मुस्तफाखानास दहा वेळां विचार करावा लागला असता, असें आम्हांस वाटतें.

आमच्या इतिहासलेखनांत लढाया आणि तह यांस जितकी जागा मिळाली तितकी या चाकरींतील राजकारणास मिळालेली नाहीं. एकाच धन्याचे दोन सेवक, एकाच छावणींत राहणारे, एकाच कामावर नेमलेले. त्यांच्यांतील अधिकाराची ओढाताण, कोणाची सही चालावयाची आणि कोणाची नाहीं याबद्दलची धुसफूस, हा विषय क्षुद्र समजून इतिहासकार तो एक-दोन वाक्यांत आटोपतात. आणि तरीही राज्यें जोडलीं किंवा मोडलीं गेलीं तीं पुष्कळ वेळां याच धुसफुशीनें. रहिमतपुरापासून उत्तरेस थोड्या कोसांवर, वाठारनजीक, देऊर म्हणून गांव आहे. तेथें सन १७११ मध्यें मराठ्यांच्याच दोन फौजांची गांठ पडली आणि शाहूमहाराजांचा सेनापति चंद्रसेन जाधव पराभव पावून कायमचा परका झाला. या कलहाचें कारण एक हरिण होतें असें बखरींपासून ग्रँट डफपर्यंत सर्व सांगतात. हरणाची ही गोष्ट वाचकांपैकीं बहुतेकांनीं शाळेंत वाचली असेल. आम्हांस मात्र हरणापेक्षां त्या छावणींत कामाची वांटणी कशी केलेली होती हें अधिक पाहण्यासारखें वाटतें.

वांटणीचा प्रश्न मराठ्यांच्या राज्यांत नवा नव्हता. शिवाजीमहाराजांनीं प्रत्येक किल्ल्यावर तीन अंमलदार नेमले होते. हवालदाराकडे किल्ल्या आणि बंदोबस्त, सबनिसाकडे हजेरी व जमाखर्च, कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा आणि इतर सामान. तिघे बहुधा तीन निरनिराळ्या जातींचे असत आणि एकट्याच्या मनांत आलें म्हणून किल्ला शत्रूस देतां येत नसे. एकमेकांवर एकमेकांचा डोळा ठेवण्याची ही योजना होय. येथें तिन्ही माणसांचें काम बांधून दिलेलें होतें. हवालदारानें हजेरीपटास हात लावावयाचा नाहीं, सबनिसानें दरवाजाच्या किल्ल्या मागावयाच्या नाहींत. पगार रोख मिळे आणि बदल्या होत. त्यामुळें कोणास आपली जागा आपल्या घरची वाटत नसे. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तिघांच्याही वर स्वतः महाराज होते. तिघांत तंटा झालाच तर निवाडा कोठें होणार हें तिघांसही ठाऊक होतें.

महाराजांच्या मागें औरंगजेबाच्या स्वारीचीं वीस-पंचवीस वर्षें गेलीं. त्यांत राज्य टिकलें तें सरदारांच्या स्वतंत्र पराक्रमावर. पण त्याच काळांत या सरदारांस वतनें व सरंजाम देऊन राखावें लागलें. सेनापति संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांच्या वैराची कथा प्रसिद्ध आहे. सन १६९६ मध्यें राजाराममहाराजांनीं संताजीस दूर करून सेनापतिपद धनाजीस दिलें. दोघांच्या फौजा एकमेकांवर चालून गेल्या. आणि पुढच्याच वर्षीं, शंभुमहादेवाच्या डोंगराळ मुलखांत, म्हसवडच्या नागोजी मान्यानें संताजीस ठार केलें. संताजीनें हत्तीच्या पायीं दिलेला अमृतराव निंबाळकर हा नागोजीचा मेहुणा होता असें सांगतात, तेव्हां त्याच्या हातास सुडाचेंही बळ होतें. आम्हांस येथें एवढेंच नमूद करावयाचें आहे कीं, जें पद चंद्रसेनास बापापासून लाभलें तें बापास मिळालें होतें एका सहकाऱ्याच्या नाशानें. सेनापतीची गादी काढली जाऊं शकते, ती काढतांना राजा स्वतः पुढें येत नाहीं, दुसऱ्या एखाद्या सेवकास पुढें करतो, हें जाधवांच्या घरांत कोणास शिकवावें लागत नव्हतें.

धनाजीच्या पदरीं एक चित्पावन कारकून होता. हाच श्रीवर्धनचा बाळाजी विश्वनाथ भट. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचानें कोंकण सोडून तो देशावर आला, रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखालीं राहिला, पुणें प्रांतीं व पुढें दौलताबादेकडे त्यानें सरसुभेदारी केली आणि धनाजीच्या मुलकी कामांत तो अपरिहार्य होऊन बसला. सन १७०७ मध्यें शाहूमहाराज मोगलांच्या छावणींतून सुटून आले. ताराबाईंनीं त्यांस तोतया ठरवून धनाजीस त्यांच्यावर पाठविलें. त्या वर्षाच्या आक्टोबरांत खेडच्या रणांगणावर धनाजी शाहूस जाऊन मिळाला. त्याचें मन वळविण्यांत बाळाजीचें अंग होतें असें परंपरा सांगते, आणि पुढील हकीकत पाहतां तें खरें मानण्यास कांहीं हरकत दिसत नाहीं. जानेवारी १७०८ मध्यें साताऱ्यास राज्याभिषेक झाला. जूनमध्यें वडगांवीं धनाजी वारला.

रहिमतपूरच्या घुमटापाशीं आम्ही जो विचार केला तो येथें पुन्हां करावा लागतो. आश्रयदाता गेला, आश्रित उघडा पडला. फरक इतकाच कीं, या आश्रितास दुसरें छत्र लगेच मिळालें, आणि तें पहिल्याहून मोठें होतें.

शाहूमहाराजांनीं सेनापतीचीं वस्त्रें चंद्रसेनास दिलीं, कारण तो धनाजीचा मुलगा होता आणि फौज त्याच्या शब्दांत होती. परंतु त्याचा ओढा ताराबाईंकडे आहे असा संशय महाराजांस होता. म्हणून चंद्रसेन चौथाई, सरदेशमुखी व घासदाणा वसूल करण्यासाठीं मोगली मुलखांत निघाला तेव्हां त्याच्याबरोबर बाळाजी विश्वनाथ दिला गेला. वसुलांतील राजाचा वांटा वेगळा काढून ताब्यांत घेणें हें त्याचें काम. याच काळांत बाळाजीसाठीं सेनाकर्ते म्हणून एक नवें पद निर्माण झालें. त्या नांवाकडे वाचकांनीं क्षणभर पाहावें. सेनेचा पति एक आणि सेनेचा कर्ता दुसरा! एकाच गोष्टीवर दोन नांवें कोरून तीं दोन माणसांच्या हातीं द्यावयाचीं आणि मग त्यांनीं भांडूं नये अशी इच्छा करावयाची.

चंद्रसेनाच्या जागीं आपणांस ठेवून पाहिलें तर त्याचा संताप समजण्यासारखा आहे. कालपर्यंत जो मनुष्य आपल्या बापासमोर कागद घेऊन उभा राहत होता, तो आज आपल्या लुटीचा व वसुलाचा हिशेब मागतो. आपण किती घोडा पोसला, किती खंडणी घेतली, राजाचे किती झाले हें तो लिहितो. आणि त्याचें लिहिणें परस्पर साताऱ्यास जातें. बापाच्या हयातींत या कारकुनाचें वजन मुलास खुपत होतेंच. आतां तोच कारकून राजाचा डोळा होऊन छावणींत बसला. बाळाजीचीही स्थिति सुखाची नव्हती. त्याच्याजवळ राजाचा विश्वास होता, पण फौज नव्हती. ज्याचा हिशेब तपासावयाचा त्याच्याच तंबूंच्या गर्दींत त्याला झोपावयाचें होतें.

अशा वेळीं हरिण आलें. बाळाजीच्या एका स्वारानें धांवडवून पाडलेल्या हरणावरून जाधवांच्या माणसांशीं तंटा झाला. तपशील बखरींगणिक बदलतात. पण तंटा धन्यांपर्यंत गेला, आणि चंद्रसेनाच्या लोकांनीं बाळाजीवर हत्यार धरलें, याबद्दल एकवाक्यता आहे. बाळाजी थोड्या लोकांनिशीं पळाला. बरोबर बाजीराव व चिमाजी हे त्याचे मुलगे होते. बाजीरावाचें वय त्या वेळीं अकराच्या आसपास असावें. तो सासवडास आला. वर पुरंदर होता. किल्ला सचिवांच्या ताब्यांत. पाठलाग करणारे स्वार दिसत असतांना बाळाजीनें आंत घेण्याची विनवणी केली, पण सचिवांच्या अंमलदारास सेनापतीचा रोष ओढवून घेण्याचें धैर्य झालें नाहीं. दरवाजा उघडला नाहीं. तेव्हां डोंगर उतरून वाईच्या बाजूस पांडवगडाकडे जावें असा विचार ठरला. परंतु जाधवांचे स्वार वाटा रोखून होते. कांहीं दिवस हा भावी पेशवा मुलांसह लपून राहिला. शेवटीं त्याच्याच पदरच्या दोन शिलेदारांनीं, पिलाजी जाधव व धुमाळ यांनीं, थोडीं घोडीं जमवून, वाटेंत झुंज देत, त्यास पांडवगडावर पोंचविलें. धुमाळ त्यांत जबर जखमी झाला.

चंद्रसेनानें गडास गराडा घातला आणि साताऱ्यास निरोप पाठविला कीं, बाळाजीस माझ्या हवालीं करा, नाहीं तर आमची चाकरी संपली. सेवकानें धन्यास घातलेला हा पेंच होय. आणि अशा पेंचांत धन्याचें खरें रूप दिसतें. शाहूमहाराज मोगलांच्या छावणींत सतरा-अठरा वर्षें बंदींत वाढलेले, स्वभावानें मऊ, कोणास दुखवूं न इच्छिणारे. तरी त्यांनीं आश्रयास आलेल्या मनुष्यास सोपविण्याचें साफ नाकारलें. सरलष्कर हैबतराव निंबाळकर अहमदनगराकडे होते, त्यांस तांतडीनें येण्याचा हुकूम गेला. हैबतराव फलटणवरून घाट चढून आले. चंद्रसेन पांडवगड सोडून देऊरास आला होता. तेथें लढाई झाली आणि चंद्रसेन हरला. तो पन्हाळ्यास कोल्हापूरकरांकडे गेला आणि पुढें निजामुल्मुल्काच्या चाकरींत शिरला. निजामानें त्यास बिदरकडे भालकीची जहागीर दिली.

हैबतराव इतक्या तांतडीनें कां आले, याचेंही एक कारण ग्रँट डफनें दिलेलें आहे. सेनापतिपद आपणांस मिळावें ही त्यांची इच्छा होती व तें न मिळाल्याचें त्यांस दुःख होतें. म्हणजे राजनिष्ठेच्या घोड्यावर महत्त्वाकांक्षाही मागें बसलेली होती. सेनापतीचीं वस्त्रें पुढें मानाजी मोऱ्यांस मिळालीं, निंबाळकरांस नाहीं.

या सर्व प्रकरणाकडे ब्राह्मण आणि मराठे यांचें भांडण म्हणून पाहण्याची एक संवय आपल्याकडे पडून गेली आहे. कांहींस त्यांत पेशवाईच्या अन्यायाचें बीज दिसतें, कांहींस मराठे सरदारांच्या उर्मटपणाचें. आम्हांस दोन्ही पक्षांविषयीं नवल वाटतें, कारण हकीकत त्यांच्यापुढें उघडी पडलेली आहे आणि ते ती वाचीत नाहींत. जीव मुठींत घेऊन आलेल्या ब्राह्मणास ज्यानें दार लावून घेतलें तो ब्राह्मण सचिवांचा अंमलदार होता. ज्यांनीं त्यास आपल्या घोड्यांच्या आड घेऊन नेलें ते दोघे मराठे शिलेदार, आणि त्यांतला एक तर आडनांवाचा जाधव होता. ज्यानें सेनापतीस हरविलें तो निंबाळकर. जातीच्या चष्म्यांतून यांतलें एकही माणूस जागेवर दिसत नाहीं. चाकरीच्या चष्म्यांतून पाहिलें म्हणजे प्रत्येकजण आपापल्या जागीं बरोबर बसतो. पुरंदरच्या अंमलदारास आपली नोकरी राखावयाची होती, शिलेदारांस अन्न दिलेल्या मालकास वांचवावयाचें होतें, सरलष्करास वरची जागा हवी होती.

क्षुद्र निमित्तांची थट्टा करण्याचा अधिकार आम्हां शिक्षकांस तरी नाहीं. आमच्या उमेदीच्या काळांत आम्ही एका महाविद्यालयांत (त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं) शिकवीत होतों. तेथील एका विषयाचे प्रमुख विद्वान व कडक होते. प्राचार्यांस ते सांभाळतां येत नव्हते आणि सोडतांही येत नव्हते. म्हणून त्यांनीं तोंडी हुकूम करून असें ठरविलें कीं, त्या विभागाची प्रत्येक मागणी कार्यालयाच्या मुख्य लेखनिकांनीं पाहून मंजूर करावी. वर्ष-दीड वर्ष सर्व शांत होतें. मग एके दिवशीं खडूंच्या एका पेटीवरून, ती मागितली होती कीं नव्हती यावरून, व्हरांड्यांत शब्दास शब्द वाढला. महिन्याभरांत प्रमुखांनीं राजीनामा दिला आणि ते दुसऱ्या गांवीं निघून गेले. त्यांच्याबरोबर दोन चांगले विद्यार्थीही गेले. खडूंच्या पेटीवरून एवढा मोठा मनुष्य गेला असें आम्ही सर्व पुढें कित्येक दिवस म्हणत होतों. लेखनिक बिचारा वाईट नव्हता. प्राचार्यांस कोणीं कांहीं म्हटलें नाहीं.

शाहूमहाराजांसही इतिहासानें कांहीं म्हटलेलें नाहीं, आणि आमचा आक्षेप आहे तो नेमका येथें. चंद्रसेनाचा उतावळेपणा आणि बाळाजीची महत्त्वाकांक्षा यांची चर्चा सर्वत्र आढळते. पण ज्याच्यावर विश्वास नाहीं त्यास पद द्यावयाचें, आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्यास त्या पदाच्या मानगुटीवर बसवावयाचें, ही योजना दोघांपैकीं कोणाचीही नव्हती. महाराजांच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ आहे. खजिना रिकामा होता. पन्हाळ्यास ताराबाईंचें दुसरें राज्य उभें होतें. चंद्रसेनास काढावें तर त्याची फौज दुसऱ्या दिवशीं तिकडे जाणार. ठेवावें तर वसूल आपल्या हातीं येईल याचा भरंवसा नाहीं. अशा अडचणींत सांपडलेला धनी पाळत ठेवतो. परंतु शिवाजीमहाराजांच्या सबनिसास जें लेखी व बांधलेलें काम होतें तें येथें कोणासच नव्हतें. बाळाजीनें काय करावयाचें तें ठरलेलें होतें; काय करावयाचें नाहीं तें ठरलें नव्हतें. आणि तंटा निवडणारा धनी साताऱ्यास, छावणी शेंकडों कोसांवर. चंद्रसेनानें चाकरी सोडण्याची धमकी दिली तेव्हां महाराजांनीं जो स्पष्टपणा दाखविला तो तीन वर्षें आधीं दाखविला असता, तर देऊरास मराठ्यांचें रक्त मराठ्यांनीं सांडलें नसतें, असें आम्ही म्हणतों. त्यांस ही संधि होती, कारण सन १७०८ मध्यें जुन्या सेनापतीची जागा नुकतीच रिकामी झालेली होती.

पुढची हकीकत वेगानें जाते. पेशवे बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांच्या हातीं सांपडले. महाराजांनीं नोव्हेंबर १७१३ मध्यें पुण्याजवळ मांजरी येथें पेशवेपद बाळाजीस दिलें, आणि तीन महिन्यांत त्यानें आंग्र्यांस, न लढतां, समजुतीनें शाहूच्या पक्षास आणलें. सन १७१८ मध्यें तो सय्यदबंधूंच्या मदतीस दिल्लीकडे निघाला आणि पुढच्या वर्षीं चौथाई व सरदेशमुखीच्या बादशाही सनदा घेऊन परत आला. एप्रिल १७२० मध्यें सासवडास तो वारला. ज्या सासवडावरच्या किल्ल्याचा दरवाजा त्याच्यासाठीं उघडला नव्हता, तेथेंच त्याचा वाडा आणि तेथेंच त्याचा शेवट, हा योग कांहींसा चमत्कारिक आहे.

बाळाजीची मोठी करामत लोक सनदांत पाहतात. आम्ही ती सनदांनंतर झालेल्या वांटणींत पाहतों. चौथाईच्या शंभर रुपयांपैकीं २५ राजबाबती म्हणून राजाचे. उरलेल्या ७५ मधून ६ साहोत्रा म्हणून सचिवांचे आणि ३ नाडगौंडा म्हणून राजाच्या मर्जीनें देण्याचे. बाकीचे ६६ मोकासा म्हणून सरदारांचे. ऐकण्यास हें सोपें आहे. पण हे हक्क एका सरदारास एका ठिकाणीं सलग दिलेले नसत. एकाच परगण्यांत एकाचा मोकासा, दुसऱ्याची बाबती, तिसऱ्याचा साहोत्रा. ज्याला तलवार चालवितां येते त्याला हें गणित उलगडत नसे. त्यास कारकून पाहिजे. आणि त्या कारकुनाचें गणित पडताळणारा दुसरा कारकून हुजुरास पाहिजे. ग्रँट डफनें ही गोष्ट ओळखून या पद्धतीमुळें ब्राह्मण कारकुनांचें वर्चस्व वाढलें असें म्हटलें आहे. निरीक्षण खरें आहे. पण तें जातीपुरतें ठेवणें चुकीचें. हिशेब ज्यास समजतो, सत्ता हळूहळू त्याच्याकडे वाहत जाते, मग तो कोणीही असो. पुढें सरदारांच्या फौजांत दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस असे दरकदार हुजुरांतून नेमून जाऊं लागले आणि सरदारास ते आपल्या इच्छेनें काढतां येत नसत. चंद्रसेनाच्या छावणींत जें एकदां घडलें होतें तें आतां प्रत्येक छावणीची कायमची व्यवस्था झालें.

फ्रान्समध्यें सतराव्या शतकांत रिशल्यूनें आणि त्याच्यामागून कोल्बेरनें अशीच कांहींशी युक्ति केली होती. प्रांतोप्रांतीं जुन्या उमराव घराण्यांतले सुभेदार मानानें राहिले, पण करवसुलीचा व न्यायाचा पुष्कळ अधिकार राजानें पाठविलेल्या मध्यम प्रतीच्या कामगारांकडे गेला. परंतु हे कामगार राजा वाटेल तेव्हां परत बोलावूं शके, आणि त्यांची जागा त्यांच्या मुलास आपोआप मिळत नसे. आमच्याकडे दरक वंशपरंपरेचे झाले. पेशवेपदही झालें. धन्यानें सेवकावर ठेवलेला पहारेकरीच वतनदार बनला म्हणजे धन्यावर पहारा कोणाचा, हा प्रश्न उरतो. तो साताऱ्यासच सुटला. सन १७३१ मध्यें डभईच्या लढाईंत सेनापति त्रिंबकराव दाभाडे बाजीरावाशीं लढतांना पडला आणि सेनापतिपदाचें तेज कायमचें गेलें. शाहूमहाराज स्वतः तळेगांवास उमाबाईंच्या समाधानासाठीं गेले. याहून अधिक त्यांच्या हातीं उरलें नव्हतें. सन १७४९ मध्यें महाराज वारले, पुढल्या वर्षीं सांगोल्यास ठराव झाला आणि कारभार पुण्यास गेला. फ्रँक राजांच्या महालाच्या कारभाऱ्यानें सन ७५१ मध्यें आपल्या धन्याचा मुकुटच आपल्या डोक्यावर ठेवला. पेशव्यांनीं तसें कधीं केलें नाहीं. वस्त्रें साताऱ्याहूनच येत राहिलीं. त्यांचा तो विनय होता कीं त्यांस मुकुटाची गरज नव्हती, हें ज्यानें त्यानें आपल्या मतीप्रमाणें ठरवावें.

चंद्रसेनाचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. तो निजामाकडे राहिला. सन १७२७ मध्यें निजामानें छत्रपति कोण, शाहू कीं कोल्हापूरचे संभाजी, असा वाद उपस्थित करून चौथाई थांबविली, तेव्हां त्या कारस्थानांत चंद्रसेनाचा हात होता. साताऱ्याची घडी त्यास आंतून ठाऊक होती. कोणता सरदार नाराज आहे, कोणाचें वसुलांत अडतें, हें निजामास सांगावयास याहून जाणता मनुष्य कोठें मिळणार? फेब्रुवारी १७२८ मध्यें पालखेडनजीक बाजीरावानें निजामास पाण्यावांचून कोंडलें आणि मार्चांत मुंगीशेवगांवचा तह झाला. त्या तहानें निजामास शाहूचा चौथाईचा हक्क मान्य करावा लागला. त्या मोहिमेंत एका बाजूस धनाजी जाधवाचा मुलगा होता, ज्याच्या बापानें खेडास शाहूचा पक्ष घेऊन त्याची गादी शक्य केली होती. दुसऱ्या बाजूस सत्तावीस वर्षांचा पेशवा होता, जो सतरा वर्षांपूर्वीं बापाच्या मागें पुरंदरच्या बंद दरवाजापुढें उभा राहिला होता.